सॉफ्टवेअर काढलं, सेटिंग्ज मात्र राहिल्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेतली दुकानं, करसल्लागारांची ऑफिसं, सेवा केंद्रं आणि घरचे कॉम्प्युटर डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. ती विंडोज १० आणि ११ साठी आहेत. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी खाली सांगितलेल्या जागा दोन्हींत जवळपास सारख्याच आहेत. मेनू, फोल्डर आणि कमांडची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. पडद्यावर ती इंग्रजीत दिसतील आणि टाइपही इंग्रजी अक्षरांतच करायची.

सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केलं तरी सगळं का जात नाही?

बऱ्याचदा ते मुद्दामच ठेवलेलं असतं. उद्या तुम्ही तेच सॉफ्टवेअर परत टाकलंत तर बिलाचा फॉरमॅट, प्रिंटरची निवड, लॉगिन हे सगळं जसंच्या तसं मिळावं, म्हणून अनइन्स्टॉलर वापरणाऱ्याच्या सेटिंग्जना हात लावत नाही.

दुसरं कारण यादीचं. इन्स्टॉल करताना ज्या फाइल टाकल्या त्यांचीच नोंद अनइन्स्टॉलरकडे असते. पुढे वापरात तयार झालेल्या लॉग फाइल, कॅश (काम झटपट व्हावं म्हणून साठवलेल्या तात्पुरत्या फाइल), टेम्प्लेट, डेटा त्या यादीत नसतात, म्हणून त्या आणि त्यांचं फोल्डर तसंच राहतं.

तिसरं कारण: एकाच कॉम्प्युटरवर दोघांची वेगवेगळी लॉगिन असतील तर अनइन्स्टॉलर सहसा काढणाऱ्याच्याच खात्यातलं साफ करतो. दुसऱ्याच्या खात्यातल्या सेटिंग्ज त्याच्या लॉगिनमध्ये जाऊनच काढाव्या लागतात.

आणि काही फाइल त्या क्षणी वापरात असतात. त्या पुढच्या रिस्टार्टला काढायच्या अशी नोंद विंडोज करून ठेवतं. इथे एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्याने विंडोज पूर्ण बंद होत नाही. त्याचा आतला गाभा डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. काढलेला ड्रायव्हर (प्रिंटरसारखं उपकरण विंडोजशी जोडून देणारा प्रोग्रॅम) त्यामुळे दुसऱ्या दिवशीही जागेवर दिसतो. अनइन्स्टॉलनंतर ‘शट डाउन’ नको, ‘रिस्टार्ट’च करा.

राहिलेल्या सेटिंग्जमुळे कॉम्प्युटर स्लो होतो का?

बहुतेक वेळा नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण याच भीतीवर नको ती साफसफाईची सॉफ्टवेअर खपतात. रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि सॉफ्टवेअर यांच्या सेटिंग्जची साठवण. कोणताही प्रोग्रॅम ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत बसत नाही, आपल्या नावाची नोंद नेमकी उघडतो. बंद झालेल्या सॉफ्टवेअरच्या काही किलोबाइटच्या नोंदी तिथे पडून राहिल्या तर त्यांना कोणी विचारतही नाही.

त्रास देतं ते अजून चालू असलेलं: कॉम्प्युटरबरोबर सुरू होणारा प्रोग्रॅम, मागे चालणारी सर्व्हिस, ठरावीक वेळी उठणारं शेड्यूल्ड टास्क, ड्रायव्हर, राइट-क्लिकच्या मेनूत शिरलेला तुकडा आणि नेटवर्कच्या सेटिंग्ज. शोध घ्यायचा तो याच सहांचा. बाकीचं जागा खात असेल तरच काढा.

मग सेटिंग्ज काढायची खरी गरज कधी पडते?

सॉफ्टवेअर बिघडलं, काढून परत टाकलं, तरी तीच चूक येते, तेव्हा. बिघाड प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये नसून सेटिंगच्या फाइलमध्ये असतो. नवा प्रोग्रॅम जुनी सेटिंग उचलतो आणि त्याच जागी अडकतो. अशा वेळी दहादा इन्स्टॉल करूनही फरक पडत नाही. आधी सेटिंगचं फोल्डर बाजूला करा, मग टाका.

याशिवाय नवीन व्हर्जन ‘जुनं व्हर्जन आधीच आहे’ म्हणून अडून बसलं, एकाच कामाची दोन सॉफ्टवेअर एकमेकांत अडकली, किंवा कॉम्प्युटर दुसऱ्याच्या हातात द्यायचा असला, तर साफसफाई करावीच लागते.

काढायच्या आधी काय करून ठेवायचं?

डेटा बाजूला कॉपी करा आणि ती कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. पेनड्राइव्हवर फाइल दिसते म्हणजे ती उघडतेच असं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं होतं. म्हणून बॅकअपची हार्डडिस्क कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या खणात ठेवू नका, एक प्रत घरी किंवा वरच्या मजल्यावर असू द्या.

लायसन्स की, नोंदणीचा ईमेल आणि सिरियल नंबर कागदावर उतरवून घ्या. काही लायसन्स कॉम्प्युटरला बांधलेली असतात. ती आधी सोडवावी लागतात.

रिस्टोअर पॉइंट करा. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा, सी ड्राइव्हसमोर प्रोटेक्शन ‘ऑन’ आहे का ते बघा. पुष्कळ कॉम्प्युटरवर ते बंदच असतं आणि लोकांना गरज पडते तेव्हाच कळतं. चालू करून ‘क्रिएट’ दाबा. मात्र रिस्टोअर पॉइंट म्हणजे डेटाचा बॅकअप नव्हे. तो विंडोजच्या फाइल, ड्रायव्हर आणि रजिस्ट्री मागे नेतो, तुमची डिलीट झालेली एक्सेल शीट परत आणत नाही.

प्रोग्रॅम पूर्ण बंद करा, घड्याळाजवळच्या छोट्या चिन्हातूनही. ॲडमिन खात्यातून काम करा. आणि यूपीएस चार्ज असल्याशिवाय सुरुवात करू नका. पावसाळ्यात अर्ध्या अनइन्स्टॉलमध्ये लाइट गेली की प्रोग्रॅम चालतही नाही आणि निघतही नाही, अशी अवस्था होते.

टॅली काढून परत टाकायचं आहे. कंपनीचा डेटा जाईल का?

मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या पेढ्यांपासून किराणा दुकानांपर्यंत हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर.

टॅलीप्राइमचा प्रोग्रॅम प्रोग्रॅम फाइल्समध्ये असतो. डेटा मूळ व्यवस्थेत वेगळ्या जागी, म्हणजे सी ड्राइव्ह, युजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा इथे असतो. पण बसवून देणाऱ्याने तो डी ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवलेला असू शकतो, त्यामुळे अंदाजाने चालू नका. कंपनी निवडण्याच्या पडद्यावर डेटाचा पाथ दिसतो. तो लिहून घ्या. त्या जागी आकड्यांच्या नावाची फोल्डर दिसतील. एक फोल्डर म्हणजे एक कंपनी. अख्खं डेटा फोल्डर कॉपी करा, आतल्या सुट्या फाइल नव्हे.

टॅली डॉट आयएनआय ही फाइलही कॉपी करून ठेवा. डेटा कुठे आहे, कोणती जादा टीडीएल (टॅलीत खास सोयी जोडणाऱ्या फाइल) जोडलेली आहेत, हे तिच्यात लिहिलेलं असतं. अडत पट्टीसाठी किंवा खास बिलासाठी कोणी टीडीएल बसवून दिलं असेल तर त्याची फाइलही शोधून जपा; नाहीतर टॅली नव्याने चालू होईल पण पट्टी छापली जाणार नाही.

कॉम्प्युटर बदलणार असाल किंवा फॉरमॅट मारणार असाल तर काढायच्या आधी लायसन्स सरेंडर करा. एफ१ हेल्प, सेटिंग्ज, लायसन्स, सरेंडर असा रस्ता आहे आणि त्याला इंटरनेट लागतं. हे राहून गेलं तर नव्या कॉम्प्युटरवर लायसन्स चालू करताना अडचण येते.

राहिलेल्या फाइल नेमक्या कुठे शोधायच्या?

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा. रनच्या चौकटीत टक्केचिन्ह, ॲपडेटा, परत टक्केचिन्ह असं मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर द्या. उघडतं ते ‘रोमिंग’ फोल्डर. याच पद्धतीने ॲपडेटाच्या जागी ‘लोकलॲपडेटा’ लिहिलं तर ‘लोकल’ उघडतं आणि ‘प्रोग्रॅमडेटा’ लिहिलं तर सगळ्या खात्यांना मिळून असलेलं फोल्डर. लपवलेली फोल्डर दिसण्यासाठी एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, हिडन आयटम्स चालू करा.

रोमिंगमध्ये साधारणपणे सेटिंग्ज असतात. लोकलमध्ये कॅश आणि मोठ्या फाइल असतात. डिस्क भरली असेल तर आधी इथे बघा. याशिवाय प्रोग्रॅम फाइल्स, कंसात एक्स८६ लिहिलेलं दुसरं प्रोग्रॅम फाइल्स, आणि डॉक्युमेंट्स. फोल्डर नेहमी सॉफ्टवेअरच्या नावाने नसतं, पुष्कळदा कंपनीच्या नावाने असतं. एका कंपनीची दोन सॉफ्टवेअर असतील तर आतलं फक्त काढलेल्याचंच फोल्डर निवडा.

लोकलमधलं ‘व्हर्चुअलस्टोअर’ हे फोल्डर आवर्जून उघडा. जुनी सॉफ्टवेअर प्रोग्रॅम फाइल्समध्येच लिहायला बघतात. विंडोज तसं करू देत नाही आणि ते लिखाण गुपचूप या फोल्डरकडे वळवतं. जुन्या हिशेबाच्या किंवा पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरचा खरा डेटा इथे सापडू शकतो. कॉपी घेतल्याशिवाय इथलं काही डिलीट करायचं नाही.

डॉक्युमेंट्स वनड्राइव्हला जोडलेलं असेल तर इथे डिलीट केलेलं त्या खात्याच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरूनही जातं.

लगेच डिलीट करू का?

नको. फोल्डरचं नाव बदला, मागे ‘जुनं’ जोडा. दोन आठवडे नेहमीची कामं होऊ द्या, महिनाअखेरचं काम असेल तर तेही. काही अडलं तर नाव पूर्ववत करायला क्षणभर लागतो. कोणी हाक मारली नाही की मग डिलीट करा. प्रोग्रॅम परत टाकून बघायचा असेल तरी हीच युक्ती चालते: जुनं फोल्डर सापडलं नाही की प्रोग्रॅम नवं, कोरं फोल्डर तयार करतो.

‘फाइल वापरात आहे’ म्हणून फोल्डर निघत नाही. काय करायचं?

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, त्या नावाचं काही चालू आहे का बघा, बंद करा. नाही निघालं तर रिस्टार्ट करून काहीही न उघडता परत प्रयत्न करा. तरीही नाही, तर त्याची सर्व्हिस चालू आहे असं समजा. त्याचं उत्तर खाली आहे. परवानगीच्या सेटिंग्ज बदलून जबरदस्ती करणं हा शेवटचा उपाय, आणि विंडोज फोल्डरच्या आत तर तो कधीच नाही.

विशेषतः विंडोजमधलं ‘इन्स्टॉलर’ नावाचं लपवलेलं फोल्डर. आकार मोठा दिसतो म्हणून ते रिकामं करायचा मोह होतो. बसवलेली सॉफ्टवेअर दुरुस्त करायला, अपडेट करायला आणि काढायला लागणाऱ्या फाइल तिथेच असतात. त्या गेल्या की पुढे ऑफिससारखं सॉफ्टवेअर अपडेटही होत नाही आणि अनइन्स्टॉलही होत नाही.

रजिस्ट्रीतल्या नोंदी कशा काढायच्या?

रनमध्ये ‘रेजएडिट’ लिहा. बघायच्या जागा मोजक्याच आहेत. एचकी करंट युजरखाली ‘सॉफ्टवेअर’: इथे तुमच्या खात्यापुरत्या सेटिंग्ज. एचकी लोकल मशीनखाली ‘सॉफ्टवेअर’: इथे सगळ्यांसाठीच्या. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट सॉफ्टवेअर असेल तर त्याच ‘सॉफ्टवेअर’खाली ‘वाव६४३२नोड’ नावाची शाखा असते, तिच्यात. जुनी सॉफ्टवेअर बहुधा तिथे सापडतात.

कंपनीच्या नावाखालची सॉफ्टवेअरच्या नावाची शाखा निवडा. फाइल, एक्स्पोर्ट, खाली ‘सिलेक्टेड ब्रँच’ आहे याची खात्री करा आणि तारखेसह नाव देऊन सेव्ह करा. मगच डिलीट. एवढी एक्स्पोर्ट फाइल केली की चुकलं तरी तिच्यावर डबल-क्लिक करून नोंदी परत येतात. मात्र ती नोंदी मिसळते. मधल्या काळात नव्याने आलेल्या नोंदी ती काढत नाही.

रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘अनडू’ नाही आणि रिसायकल बिनही नाही. म्हणून ‘फाइंड’ने नाव शोधत, जिथे दिसेल तिथे डिलीट करत जाणं हे सगळ्यांत धोक्याचं. एखादं छोटं नाव दुसऱ्याच सॉफ्टवेअरच्या नोंदीतही सापडतं. ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘क्लासेस’ आणि ‘सिस्टिम’ या शाखांत नेमकं कारण असल्याशिवाय जाऊ नका.

रजिस्ट्री क्लीनर वापरावा का?

आमचं मत: नाही. मायक्रोसॉफ्टही अशा सॉफ्टवेअरना पाठिंबा देत नाही. शेकडो ‘चुका’ दाखवून ते घाबरवतात, पण त्या काढून वेग वाढत नाही. एखादी गरजेची नोंद गेली तर विंडोज नव्याने टाकायची वेळ येते. शिवाय हे प्रोग्रॅम ॲडमिनच्या अधिकाराने चालतात. २०१७ मध्ये सीक्लीनरच्या ५.३३ या व्हर्जनमध्येच घातक कोड घुसवला गेला होता आणि ते अधिकृत जागेवरून वाटलं गेलं होतं.

रेव्हो किंवा बल्क क्रॅप अनइन्स्टॉलर यांचा प्रकार वेगळा. ते एका सॉफ्टवेअरचा अनइन्स्टॉलर चालवतात आणि त्याचंच काय मागे राहिलं ते शोधून दाखवतात. उपयोगी आहेत, पण समोर आलेली यादी वाचा. ‘सिलेक्ट ऑल’ दाबून मोकळं होऊ नका.

मागे चालू राहिलेलं कसं ओळखायचं आणि काढायचं?

टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ भागात सुरुवात करा. कॉम्प्युटरबरोबर काय सुरू होतं ते इथे दिसतं. राइट-क्लिक, डिसेबल. नुसतं चिन्ह आणि ‘प्रोग्रॅम’ एवढंच नाव दिसत असेल तर ती बहुधा मागे राहिलेली, पत्ता तुटलेली नोंद असते.

पुढे टास्क शेड्यूलर. डावीकडे ‘टास्क शेड्यूलर लायब्ररी’वर क्लिक केल्यावर थेट समोर येणारी यादी बघा, बाहेरच्या सॉफ्टवेअरचे अपडेटर बहुधा इथेच असतात. आतलं मायक्रोसॉफ्टचं फोल्डर सोडून द्या.

मग सर्व्हिस. रनमध्ये ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’. राहिलेली सर्व्हिस सापडली की डबल-क्लिक करून आधी ‘स्टॉप’ करा, ‘स्टार्टअप टाइप’ डिसेबल्ड करा. इथेच थांबलात तरी काम भागतं. पूर्ण काढायची असेल तर सगळ्यांत वरच्या ओळीतलं ‘सर्व्हिस नेम’ उतरवून घ्या. खाली दिसणारं ‘डिस्प्ले नेम’ चालत नाही, आणि बहुतेकांची कमांड याच कारणाने फसते. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एससी डिलीट’ आणि पुढे ते नाव, नावात जागा असेल तर दुहेरी अवतरणात. हेच विंडोज पॉवरशेलमध्ये करायचं असेल तर ‘एससी डॉट ईएक्सई’ असं पूर्ण लिहा, कारण तिथे नुसतं ‘एससी’ म्हणजे फाइलमध्ये मजकूर लिहिणारी वेगळीच कमांड आहे. ‘मार्क्ड फॉर डिलीशन’ असा निरोप आला तर सर्व्हिसेसची खिडकी उघडी राहिलेली असते. ती बंद करा किंवा रिस्टार्ट करा.

हे सगळं एका जागी बघायचं तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन घ्या. ज्या नोंदींची मूळ फाइलच उरलेली नाही त्या पिवळ्या दिसतात. आधी टिक काढून रिस्टार्ट, सगळं ठीक चाललं तर नंतर डिलीट.

अनइन्स्टॉलच्या यादीत नाव आहे, पण क्लिक केलं तर एरर येते.

प्रोग्रॅमचं फोल्डर कोणीतरी हाताने डिलीट केलेलं असतं, त्याबरोबर अनइन्स्टॉलरही गेला. सगळ्यांत सोपा मार्ग: तेच व्हर्जन त्याच जागी परत इन्स्टॉल करा आणि नीट अनइन्स्टॉल करा. ते जमत नसेल तर मायक्रोसॉफ्टचा इन्स्टॉल-अनइन्स्टॉल ट्रबलशूटर वापरून बघा. नुसतं नावच उरलं असेल तर रजिस्ट्रीत एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, अनइन्स्टॉल इथे जा. काही शाखांची नावं महिरपी कंसातले आकडे असतात. उजवीकडच्या ‘डिस्प्लेनेम’वरून ओळखा, एक्स्पोर्ट करा, तेवढीच शाखा काढा.

प्रिंटर काढला तरी परत येतो, किंवा ‘कॉपी १’ दिसतो.

‘कॉपी १’ येतो तो बहुधा यूएसबीची वायर दुसऱ्या पोर्टला लावल्यामुळे. विंडोज त्याला नवा प्रिंटर समजतं. वायर मूळ पोर्टला लावली की जुना चालू होतो.

परत येणाऱ्या प्रिंटरचं कारण म्हणजे ड्रायव्हर पॅकेज आतच असतं. वायर काढा. सर्व्हिसेसमध्ये ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा, सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरच्या आतल्या फाइल डिलीट करा, फोल्डर राहू द्या. स्पूलर चालू करा. सेटिंग्जमधून प्रिंटर काढा. मग ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ उघडून ‘ड्रायव्हर्स’ भागात त्याचं नाव निवडा, ‘रिमूव्ह’ आणि पुढे ‘ड्रायव्हर आणि ड्रायव्हर पॅकेज’ दोन्ही काढायचा पर्याय. ‘वापरात आहे’ म्हटलं तर स्पूलर एकदा बंद-चालू करून लगेच परत काढा.

सेवा केंद्रात अंगठ्याचं मशीन बदललं, पण ‘डिव्हाइस सापडत नाही’ येतं.

मंत्रा, मॉर्फो, स्टारटेक यांपैकी कोणतंही मशीन असो, आधारसाठी त्याची स्वतःची आरडी सर्व्हिस (मशीन आणि ॲप यांच्यामधला, मागे चालणारा प्रोग्रॅम) चालते आणि ती कॉम्प्युटरवरच्या ११,१०० ते ११,१२० या क्रमांकांच्या पोर्टपैकी (वायरीची जागा नव्हे, प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची वाट) एकावर ऐकत बसते. ॲप पहिल्या पोर्टपासून शोधत येतं. जुन्या मशीनची सर्व्हिस काढलेली नसेल तर ॲप आधी तिच्याशीच बोलायला जाऊ शकतं, आणि तिच्याकडे मशीन जोडलेलंच नसतं.

दोन्ही मशीनच्या वायरी काढा. यादीत ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस अशी दोन वेगळी नावं असतात. जुन्या मशीनची दोन्ही काढा. रिस्टार्ट. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू, ‘शो हिडन डिव्हाइसेस’ करा; फिकट दिसणारं जुनं मशीन राइट-क्लिक करून अनइन्स्टॉल करा आणि ड्रायव्हरही काढायच्या चौकटीत टिक द्या. ती टिक द्यायची राहून गेली तर वायर लावताच जुना ड्रायव्हर परत बसतो. मग नव्याचा ड्रायव्हर, त्याची आरडी सर्व्हिस, आणि शेवटी वायर.

डिजिटल सहीच्या टोकनलाही हाच क्रम लागू आहे. टोकन मात्र ‘इनिशियलाइझ’ करू नका. त्याने आतली सहीच पुसली जाते.

मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर काढलं, पण कीबोर्ड यादीत राहिला. फॉन्टही राहिले.

सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन इथे मराठीसमोरच्या ‘लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये कीबोर्ड दिसतील, नको तो काढा. कधी कधी विंडोज आणि स्पेस दाबल्यावर एक कीबोर्ड दिसतो पण सेटिंग्जमध्ये सापडत नाही. तेव्हा तोच कीबोर्ड एकदा जोडा आणि काढा. बऱ्याचदा तो जातो. नाही गेला तर रजिस्ट्रीत एचकी करंट युजर, कीबोर्ड लेआउट, प्रीलोड इथे १, २, ३ अशा नोंदी असतात. ००००४००९ म्हणजे भारतीय इंग्रजी. पाच शून्यं आणि पुढे ४४ई म्हणजे मराठी. नको ती नोंद काढा, उरलेल्यांचे क्रम सलग करा, साइन आउट करून परत या.

फॉन्टच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड नसतो. फॉन्ट काढला की जुने अर्ज, ठराव, पत्रिका उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. मजकूर गेलेला नसतो, फॉन्ट परत टाकला की वाचता येतो. पण तो फॉन्ट मिळायला हवा ना! त्या फाइल युनिकोडमध्ये बदलून होईपर्यंत फॉन्ट ठेवा आणि त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवरही घ्या. विंडोज १० च्या १८०९ व्हर्जनपासून फॉन्ट फक्त एका खात्यापुरतेही बसतात. ते विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये नसून लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स इथे असतात.

अँटीव्हायरस काढला, तरी नवा बसत नाही.

अँटीव्हायरस खोलवर ड्रायव्हर बसवतो आणि स्वतःला कोणी काढू नये अशी व्यवस्थाही करतो. म्हणून क्विक हीलपासून मॅकॲफीपर्यंत, आधी सेटिंग्जमधलं ‘सेल्फ प्रोटेक्शन’ बंद करा, मग अनइन्स्टॉल, मग रिस्टार्ट. तरी राहिलं तर त्याच कंपनीचं काढण्याचं खास साधन त्याच कंपनीच्या साइटवरून घ्या, दुसरीकडून नाही. ते सेफ मोडमध्ये चालवायला सांगितलं असेल तर शिफ्ट धरून ‘रिस्टार्ट’ दाबा. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट आणि मग ४. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर बिटलॉकरची रिकव्हरी की विचारली जाऊ शकते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधीच उतरवून ठेवा. शेवटी विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडर चालू झालाय का ते बघा.

व्हीपीएन काढलं आणि इंटरनेटच बंद पडलं.

वाय-फाय जोडलेलं दिसतं, साइट उघडत नाही. आधी सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी: ‘युज अ प्रॉक्सी सर्व्हर’ चालू राहिलेलं असेल तर बंद करा. बहुतेकदा इथेच सुटतं. मग डीएनएस हाताने भरलेलं असेल तर ‘ऑटोमॅटिक’ करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॅप्टर्सखाली व्हीपीएनच्या नावाचा ॲडॅप्टर असेल तर काढा. तरी नाही, तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटएसएच विनसॉक रिसेट’ आणि रिस्टार्ट.

‘नेटवर्क रिसेट’ शेवटी. त्याने वाय-फायचे पासवर्ड आणि हाताने दिलेले आयपी पत्ते जातात. दुकानात सीसीटीव्हीचा डीव्हीआर किंवा नेटवर्क प्रिंटर असेल तर ते पत्ते आधी लिहून घ्या.

क्रोममध्ये ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ येतं आणि सर्च इंजिन सारखं बदलतं.

ऑफिसचा कॉम्प्युटर नसेल तर एखाद्या काढलेल्या सॉफ्टवेअरने ठेवलेली पॉलिसी, म्हणजे क्रोमवर लादलेला नियम, आहे. काही अँटीव्हायरसही अशी पॉलिसी लावतात, म्हणून आधी ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा, पॉलिसी असं टाइप करून कोणती आहे ते बघा. नको ती रजिस्ट्रीत एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम इथे असते. करंट युजरखालीही तपासा. एक्स्पोर्ट करून काढा. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटची प्रॉपर्टीज उघडून ‘टार्गेट’च्या शेवटी कोणत्या साइटचा पत्ता चिकटवलेला नाही ना, तेही बघा.

क्रोम काढून परत टाकल्याने हे जात नाही. सिंक चालू असेल तर नको असलेलं एक्स्टेन्शन गूगल खात्यातून परत उतरतं. आधी सिंक बंद, मग साफसफाई.

मॅक किंवा लिनक्सवर?

मॅकवर ॲप ट्रॅशमध्ये टाकलं की सेटिंग्ज मागेच राहतात. फाइंडरमध्ये ऑप्शन धरून ‘गो’ मेनूतून लायब्ररी उघडा. ॲप्लिकेशन सपोर्ट, प्रेफरन्सेस, कॅशेस, कंटेनर्स आणि लाँच एजंट्स बघा. उबुंटूवर ‘एपीटी रिमूव्ह’ सिस्टिमच्या सेटिंग फाइल ठेवतं, ‘एपीटी पर्ज’ त्याही काढतं. होममधल्या, टिंबाने सुरू होणाऱ्या लपवलेल्या फोल्डरना मात्र पर्जही हात लावत नाही; ती हाताने काढायची.

कॉम्प्युटर विकायचा आहे. सगळी सॉफ्टवेअर काढली म्हणजे झालं ना?

नाही. सेव्ह केलेले पासवर्ड क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, ब्राउझरची लॉगिन लोकलमध्ये आणि डिलीट केलेल्या फाइल डिस्कवर सापडू शकतात. ग्राहकांची आधार-पॅनची स्कॅन ज्या कॉम्प्युटरवर होती, त्याच्या बाबतीत एकेक फोल्डर साफ करत बसण्यात अर्थ नाही. टॅलीचं लायसन्स सरेंडर करा, बॅकअप तपासा, मग सेटिंग्जमध्ये ‘रिसेट धिस पीसी’, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. पुढे ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘क्लीन डेटा’ चालू करा आणि एकाहून जास्त ड्राइव्ह असतील तर सगळे निवडा. मोठ्या हार्डडिस्कला याला कित्येक तास लागतात, म्हणून रात्री लावा आणि लॅपटॉप चार्जरवर ठेवा. झाल्यावर मायक्रोसॉफ्टच्या खात्यातल्या डिव्हाइसच्या यादीतून तो कॉम्प्युटर काढून टाका.